नेमका शब्द आणि पर्वताचे अंतर : माँ ब्लाँवरील १९६६ च्या विमान-अपघाताचा अर्थविचार

२४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे जिनीव्हाकडे जात असता आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मृतांत डॉ. होमी भाभा होते. त्यामुळे आपल्याकडे या दुर्घटनेचे स्मरण मुख्यतः भारतीय विज्ञानावरील आघात म्हणून होते. भाषाभ्यासकाने तिच्याकडे वळण्याचे कारण निराळे आहे. फ्रेंच चौकशीच्या निष्कर्षांत पुरेशा नेमक्या शब्दयोजनेचा अभाव हे अपघाताचे एक कारण म्हणून स्पष्टपणे नमूद झाले आहे. अपघाताच्या कारणपरंपरेतील हा दुवा वाक्यार्थाचा होय. त्याचे स्वरूप पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घ्यावा. विमानातील दोन दिशादर्शक रेडिओ-ग्राहकांपैकी एक नादुरुस्त असल्याचे बैरुत सोडतानाच वैमानिकास ठाऊक होते. विमान १९,००० फुटांच्या पातळीवर होते. जिनीव्हाच्या नियंत्रकाने हीच पातळी राखण्यास सांगितले. मात्र दृष्टिपथ मोकळा असेल व ढगांच्या माथ्यावर एक हजार फूट राहता येत असेल, तर खाली येण्याची मुभा दिली. वैमानिकाने ही सूचना स्वीकारून, आपण आता माँ ब्लाँच्या बाजूने जात आहोत असे वाटते, असे कळविले. रडारवर नियंत्रकास दिसत होते की विमान अजून तेथे पोहोचलेले नाही. त्याने इंग्रजीत उत्तर दिले. त्याचा आशय इतकाच, की तुम्हाला माँ ब्लाँपर्यंत पाच मैल आहेत. वैमानिकाने ‘रॉजर’ म्हटले व विमान उतरू लागले. सुमारे ४,७५० मीटर उंचीवर ते पर्वतावर आदळले.

या संभाषणातील एकही शब्द दुर्बोध नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्ये निर्दोष आहेत आणि नियंत्रकाचे विधान सत्यही आहे. तथापि त्या विधानाकडून जे कार्य अपेक्षित होते ते निवेदनाचे नव्हते, तर निषेधाचे होते. ‘तुमचा अंदाज चुकला आहे, पर्वत तुमच्यापुढे आहे, उतरू नका’ हा त्याचा अभिप्रेत अर्थ. यातील एकही अंश वाच्यार्थात आलेला नाही. आर्थी व्यंजना म्हणा की अर्थापत्ती म्हणा, तो श्रोत्याने स्वतः काढावयाचा होता. इंग्रजी वाक्यातील ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द ‘अजून जावयाचे आहे’ असे सुचवितो हे खरे. पण सुचविणे आणि सांगणे यांतील अंतर येथे निर्णायक ठरले. आधी दिलेली सशर्त मुभाही रद्द झाली नाही.

वैमानिकाने हे वाक्य नेमके कसे लावले हे सांगावयास तो उरला नाही. वाक्याने कोणत्या अर्थांना वाव ठेवला हे मात्र तपासता येते. पर्वत आपल्या बाजूस आहे अशी ज्याची धारणा झालेली आहे, त्याला पाच मैल हे बाजूचे अंतर वाटू शकते. मग तेच वाक्य दुरुस्ती न राहता दुजोरा होते. मम्मटाने आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, श्रोता, प्रस्ताव, देश, काल इत्यादींचा निर्देश केला आहे. प्रस्तुत उदाहरणातील अडचण ‘देशा’ची आहे. वाक्याचा योग्य अर्थ लागण्यासाठी आपण कोठे आहोत हे श्रोत्यास ठाऊक असणे आवश्यक होते, आणि आपण कोठे आहोत हेच त्या वाक्याने त्यास सांगावयाचे होते.

‘रॉजर’ या उत्तराचाही विचार केला पाहिजे. संदेश मिळाला, एवढाच त्याचा संकेतार्थ. कोणता अर्थ घेतला हे त्यातून कळत नाही. वैमानिकाने ‘पर्वत अजून पाच मैल पुढे आहे’ असे उलट म्हटले असते, किंवा म्हणू शकला नसता, तर दोघांच्या मनांतील दोन नकाशे तत्काळ उघड झाले असते.

पुढील काळात या दिशेने नियम कडक होत गेले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर ‘उड्डाण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारावा, एरव्ही ‘प्रस्थान’वाचक शब्द योजावा, असा दंडक रूढ झाला, परवानगी शब्दशः परत म्हणून दाखविण्यावरही भर आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषाप्रावीण्याच्या अटी मार्च २००८ पासून लागू झाल्या. प्रावीण्य आवश्यक आहेच. परंतु १९६६ चे उदाहरण दाखविते की शब्द समजूनही वाक्य निसटू शकते. एकट्या वैमानिकाच्या लहान विमानास डोंगराळ मुलखात ढगांनी वेढले असता हा धोका अधिकच संभवतो, कारण कानी पडलेला अर्थ पडताळून पाहणारा सोबती तेथे नसतो.

अर्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यातून एक पद्धतिविषयक सूचना घ्यावी. वाक्य आणि त्याचा अर्थ यांचा विचार करताना श्रोत्याचे उत्तर हाही विश्लेषणाचा घटक मानावा. काव्यात सहृदयावर सोपविलेला अर्थ रसनिष्पत्तीस साहाय्यभूत होतो. जेथे श्रोत्याची धारणाच चुकलेली असण्याचा संभव आहे, तेथे निषेध वाच्य असला पाहिजे आणि तो पोहोचल्याची खूण श्रोत्याच्याच शब्दांत मिळाली पाहिजे.