चष्मा आहे? मग पूल खुशाल खेळा!

हल्ली लहान गावांतही पूलचं टेबल दिसू लागलं आहे. सोसायटीच्या क्लबात, जिमखान्यात, सुट्टीला गेलात तर हॉटेलात. यजमान खेळतात, मुलं खेळतात आणि तुम्ही मात्र सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत खुर्चीवर! “मला कुठलं दिसतंय तेवढं, चष्मा आहे ना,” हे आपलं ठरलेलं उत्तर. पण मैत्रिणींनो, अडचण पुष्कळदा डोळ्यांची नसते, चष्म्याच्या घडणीची असते.

कशी ते पाहा. नेम धरताना आपण कमरेत वाकतो, हनुवटी काठीजवळ नेतो आणि नजर वर करून समोर बघतो. म्हणजे भिंगाच्या मधून न बघता वरच्या कडेतून बघतो. भिंग नेमकं दाखवतं ते मध्यभागी. कडेतून चेंडू किंचित सरकल्यासारखा दिसतो. नंबर मोठा असेल तर जास्तच. त्यातून फ्रेमची दांडी आडवी येते. मग नेम चुकला तर नवल काय?

ही अडचण मोठमोठ्या खेळाडूंनाही आली. पूलचाच भाऊबंद असलेल्या स्नूकरमध्ये इंग्लंडचे फ्रेड डेव्हिस नजर अधू झाल्यामुळे मागे पडू लागले होते. त्यांनी वाकल्यावरही डोळ्यांसमोर सरळ राहतील अशा फिरत्या भिंगांचा चष्मा करून घेतला आणि 1948 साली जगज्जेतेपद मिळवलं. उत्तर आयर्लंडचे डेनिस टेलर तर भुवयांच्याही वर जाणारा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा घालून खेळत. लोक हसायचे. पण 1985 च्या जागतिक अंतिम सामन्यात 0-8 असे पिछाडीवर असताना त्यांनी शेवटच्या काळ्या चेंडूवर 18-17 अशी बाजी मारली!

आपल्याला काही जगज्जेत्या व्हायचं नाही. शिवाय पूल स्नूकरपेक्षा डोळ्यांना सोपा. स्नूकरचं टेबल 12 फुटी, पूलचं 9 फुटी किंवा त्याहूनही लहान. चेंडूही थोडे मोठे. तेव्हा एवढंच करा:

खेळायला मोठ्या, उंच भिंगांची फ्रेम निवडा आणि ती नाकावर वर बसवा. घरसरू नये म्हणून मागे दोरी लावा.

चाळिशी लागली असेल तर दुहेरी भिंगाच्या चष्म्याने खेळू नका. उभं राहून पाहिलं तर वाचायचं भिंग मध्ये येतं, वाकलं तर लांबचं. प्रोग्रेसिव्ह भिंगांत कडेला टेबलाची सरळ रेषाही वाकडी वाटते. खेळण्यापुरता एकाच नंबरचा चष्मा बरा. डोळे तपासताना सांगा, “जवळचा चेंडू 3 फुटांवर असतो, लांबचा 9-10 फुटांवर.” त्यावरून नंबर ठरवता येतो.

तुमचा मुख्य डोळा कोणता, ते घरीच पाहा. दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवून हात लांब करा आणि फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो मुख्य डोळा. काठी त्याच्या खाली आणून पाहा. फ्रेडचे थोरले बंधू जो डेव्हिस काठी डाव्या डोळ्याखाली धरीत आणि ते 15 वेळा जगज्जेते झाले!

काठीच्या टोकाला लावायच्या खडूची निळी भुकटी बोटांना लागते. त्या हातांनी डोळे चोळू नका. लेन्स लावत असाल तर आधी हात साबणाने धुवा. आणि हो, चष्मा कोरड्या पदराने पुसू नका, चरे पडतात. साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा.

आता शेवटचं, पण महत्त्वाचं. आधी मुलांचा चष्मा, मग ह्यांचा, आपला पुढच्या महिन्यात, असं आपण वर्षानुवर्षं ढकलतो. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही तपासून घ्यायला हवा, कारण काचबिंदू बहुतेकदा न दुखता नजर खातो. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. आणि एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागलं, तर चष्मा बदलायला जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तेवढं झालं की पुढच्या रविवारी पिशवी यजमानांच्या हातात द्या आणि काठी तुम्ही घ्या!