मोहाखालचे बारा कागद

पहाटे ५:००
एप्रिलच्या सुरुवातीला चोरखमाऱ्यात कोंबड्याआधी मोहाचा वास जागा करतो. आजी, काकू आणि शेजारच्या बाया टोपल्या घेऊन निघतात. एकटं कुणी जात नाही. मोहफूल अस्वलालाही आवडतं आणि नागझिऱ्याचं रान गावाला लागूनच आहे. मी त्यांच्या मागे, काखेत चित्रवही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चित्रांतून गोष्ट सांगायची आहे. माझी गोष्ट मोह वेचण्याच्या एका दिवसाची, बारा कागदांत बसवायची.

६:१५
दिसायला लागलं की आधी हात वेचतात, मग पेन्सिल चालते. मोहाचं फूल अख्खं गळत नाही. पाकळ्यांची पिवळसर, रसाळ गोळी तेवढी खाली पडते. तिच्या मधलं बारीक दांडीसारखं टोक वर तांबूस लव असलेल्या झुपक्यातच राहतं. म्हणून गोळीला आरपार भोक असतं. पहिला कागद या भोकाचाच: जवळून, पानभर, आणि पलीकडे इवलीशी वाकलेली आजी. मोठं चित्र आधी दाखवलं की बघणारा थबकतो, मग पुढचे तीन कागद भरभर सरकवता येतात. टोपली भरण्याला एवढी घाई पुरते.

८:३०
अंगणात मोह वाळत घातला. आज टाकलेली फुलं पिवळी, दोन दिवसांपूर्वीची तपकिरी, त्याआधीची मनुकांसारखी सुरकुतलेली. माझ्या रंगांचा तक्ता आयताच समोर पसरलेला. रंगही घरचेच: पांढरी माती, गेरू, चुलीची काजळी आणि मार्चमध्ये वाळवून ठेवलेली पळसफुलं. फुलं उकळली की नारिंगी पाणी सुटतं. बाभळीचा डिंक भिजवून त्यात मिसळायचा. डिंक जास्त झाला तर रंग वाळल्यावर तडकतो, कमी पडला तर बोटाला लागतो.

११:००
ओसरीवर बारा कागद ओळीनं मांडले. आता खरं काम, क्रम लावायचं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पानं सुटीच ठेवतात. एका कथेचा संच म्हणजे एक पोथी. सांगणारा एकेक पान पुढे धरतो आणि गातो. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या पानांवर पात्रं समोरासमोर उभी असतात, बाकीचं आवाजावर सोडलेलं. मीही कागद शिवलेले नाहीत. सुटे असले की जागा बदलता येते.

चौकटी मात्र आखल्या नाहीत. मंडल्याकडच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावर ‘भीमायन’ चितारलं. ते २०११ साली आलं. माणसांना डब्यांत कोंडायला त्यांनी नकार दिला. त्यात गोड बोलणं पाखराच्या आकारात येतं आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. त्यावरून मी ठरवलं की माझ्या कागदांवरही संवादाचे फुगे नकोत. कोण कुणाकडे बघतंय यावरूनच बोलणं कळावं.

दुपारी १:३०
भात, लाखोळीची डाळ आणि पंख्याखाली आडवं होणं. जेवल्यावर सातवा कागद, आगीचा. झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं चटकन दिसतात. तीच आग कधी रानात पसरते. २०२१च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यातला वणवा विझवताना तीन मजुरांचा जीव गेला. ज्वाळा काढणं सोपं आहे, पळसाचा रंग हाताशी आहे. पण ती आग दिसायला सुंदर होते, आणि तेच नको आहे. म्हणून फक्त काजळी वापरली: काळी जमीन, आणि शेजारी जुनं लुगडं अंथरलेलं दुसरं झाड. जाळल्याशिवायही वेचता येतं, हे त्या लुगड्यानं सांगावं.

४:३०
तलावाच्या पाळीवर नेटवर्क मिळतं. कागदांचे फोटो पाठवले, मार्गदर्शकांचा निरोप आला: “वाघ हवा. लोक नागझिरा म्हटलं की वाघ शोधतात.” पटण्यासारखं आहे. चोरखमारा गेटमधून जिप्सी आत जातात त्या वाघासाठीच. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथेच जन्मलेल्या ‘जय’चं नाव पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात गाजलं. नववा कागद मी वाघाला दिला: झुडपाआड अर्धं तोंड, समोर टोपली. चित्र छान उतरलं. गोष्टीत ते काय करतं, हे मात्र मला सांगता येईना.

७:३०
अंगणातल्या बल्बखाली बाया जमल्या. मी कागद धरायचे, बोलायचं त्यांनी, असं ठरलं. पहिल्या कागदावर हसू, तिसऱ्याला गप्पा. सातव्याला काकू म्हणाली, “आग कायले काढलीस वो? लोकं म्हणतीन आमीच लावतो.” दुसरी म्हणाली, “लावतेत ना काही जण. राहू दे.” बराच वेळ वाद झाला. लुगड्याचं झाड पाहून काकू थोडी नरमली, पण तो कागद सगळ्यांत शेवटी नको, मधेच राहू दे, एवढं तिनं कबूल करून घेतलं.

शेवटचा कागद वाळलेल्या मोहाच्या पोत्याचा. आजीनं तो उलटून मागेही पाहिलं.
“काटा कोटी आहे वो?”
“कोणता काटा?”
“व्यापाऱ्याचा. पहाटेपासून वेचला तो कायच्यासाठी?”
मी सांगितलं, कागद बाराच हवेत, तेरावा चालणार नाही. तिनं गठ्ठा चाळला आणि नववा बाहेर काढला.
“वाघ रोज भेटते का? काटा त दर बजारी भेटते.”

९:३०
मार्गदर्शकांना लिहून टाकलं: वाघ जातोय, त्याच्या जागी तराजू येतोय. आता पारडं, वजनं आणि काट्याकडे बघणारे डोळे उद्याच्या बाजारात बसून काढायचे. व्यापारी काढू देईल का, ते तिथे गेल्यावरच कळेल. आजी सोबत येते म्हणाली, पोतं घेऊन.