जसे आहे तसे, जेथे आहे तेथे
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भागाला लिलाव नवा नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा निघतो, तासगावला बेदाण्याचा निघतो. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, बेदाण्याची मूठ हातात घेऊन चव पाहतो आणि मगच आकडा बोलतो. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खोंड घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, मग चार पावले चालवून पाहतो. या साऱ्या व्यवहारांत एक गोष्ट समान आहे : माल डोळ्यांपुढे असतो आणि विकणारा समोर उभा असतो. अलीकडे मात्र लिलाव मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. तेथे माल म्हणजे चार छायाचित्रे आणि विकणारा म्हणजे दहा आकडी क्रमांक. जुन्या लेथ, ड्रिलिंग, मिलिंग अशा यंत्रांच्या या ऑनलाइन जाहिरातींवर कितपत विश्वास ठेवावा, आणि तो ठेवायचा की नाही हे कशावरून ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलाशाखेच्या अंकात लेथचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु आपल्या दोन जिल्ह्यांची ओळख उसाइतकीच लोखंडाशीही जोडलेली आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली व तेथून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. १९२२ साली साताऱ्यात कूपर यांचा कारखाना उभा राहिला. नांगरांपासून पुढे डिझेल इंजिनांपर्यंत त्याचा पसारा वाढला. आज साताऱ्याच्या, कुपवाडच्या व मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत लहान लहान वर्कशॉप दिसतात. यांतील अनेकांचा आरंभ एकाच जुन्या लेथवर झालेला असतो. कामगार मालक होतो तो बहुधा दुसऱ्याने वापरून सोडलेल्या यंत्रावर. म्हणून जाहिरात खरी की खोटी, हा प्रश्न एखाद्या घराच्या साऱ्या शिलकीचा प्रश्न असतो.

आमच्या घरात तो तसाच आला. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कुपवाडला टर्नर आहेत. स्वतःची एक लेथ घ्यावी ही त्यांची जुनी इच्छा. जाहिराती व लिलावाच्या अटी इंग्रजीत असतात आणि घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मला इंग्रजी कळत होते, लेथ कळत नव्हती. अण्णांना लेथ कळत होती, इंग्रजी नव्हते. दोघांचे मिळून जे ज्ञान झाले तेच येथे मांडले आहे.

अर्थशास्त्र काय सांगते?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ साली याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे लेथला तंतोतंत लागू पडते. समजा, चांगली जुनी लेथ दोन लाखांची व झिजलेली ऐंशी हजारांची आहे आणि बाजारात दोन्ही सारख्याच संख्येने आहेत. विकणाऱ्याला आपली लेथ कोणती हे माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा मधला आकडा, म्हणजे एक लाख चाळीस हजार देऊ करील. या किमतीला चांगल्या लेथचा मालक विकायला तयार होत नाही, झिजलेलीचा मात्र आनंदाने होतो. हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो व वाईट तेवढा उरतो. दोष कोणा एकाच्या लबाडीचा नसून माहिती एकाच बाजूला असण्याचा आहे.

यातून एक कसोटी निघते. ‘उत्तम स्थितीत’, ‘कमी वापरलेली’, ‘लगेच काम सुरू करा’ हे शब्द लिहायला खऱ्याला जेवढा खर्च येतो तेवढाच खोट्याला येतो. म्हणजे काहीच नाही. म्हणून त्यांची किंमत शून्य धरावी. जी गोष्ट खऱ्या विक्रेत्याला सोपी आणि खोट्याला अवघड, तीच पुरावा होय. ‘या, यंत्र चालवून पाहा, बरोबर तुमचा माणूस आणा’ असे म्हणणे झिजलेल्या लेथच्या मालकाला परवडत नाही. आणि ज्याच्याजवळ लेथच नाही त्याला तर मुळीच शक्य नाही.

दोन वेगळे प्रश्न

जाहिरात पाहताना दोन प्रश्न अलग ठेवले पाहिजेत. विकणारा खरा आहे काय? आणि यंत्र चांगले आहे काय? लोक एकाचे उत्तर दुसऱ्याला लावतात आणि तेथे फसतात.

कर्ज थकल्यावर बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कारखान्यांची मालमत्ता जप्त करून लिलावात काढतात. सरकारी खाती व उपक्रम आपली जुनी यंत्रसामग्री एमएसटीसी या १९६४ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन विकतात. येथे विकणारा खरा असतो. परंतु नोटिशीत एक वाक्य हमखास असते : ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’. याचा अर्थ असा की, यंत्र चालते की नाही, त्याचे भाग पूर्ण आहेत की नाहीत, याची कसलीही हमी विकणारा देत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला लेथची झीज माहीत नसते व ती सांगण्याचे त्याच्यावर बंधनही नसते. उलट, खाजगी जाहिरातीत यंत्र उत्तम असू शकते, पण विकणारा अस्तित्वातच नसण्याचा संभव असतो. पहिल्या ठिकाणी यंत्र तपासावे, दुसऱ्या ठिकाणी आधी माणूस तपासावा.

माणूस कसा तपासावा?

विक्रेत्याने जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन क्रमांक. जाहिरातीत ‘सातारा’ लिहिले असून क्रमांक दुसऱ्याच राज्याचा निघाला तर कारण विचारलेच पाहिजे. मात्र दुसऱ्याचा खरा क्रमांकही कोणी छापू शकतो; म्हणून नोंदलेले नाव, पत्ता आणि पैसे ज्या खात्यात मागितले ते नाव, ही तिन्ही जुळतात का ते पाहावे. बँकेच्या लिलावाची कोणी पाठविलेली लिंक उघडू नये. संकेतस्थळ स्वतः शोधावे आणि नोटिशीवरील शाखेत जाऊन खात्री करावी. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळेही असतात.

छायाचित्रांचीही उलटतपासणी होते. इंटरनेटवर छायाचित्रावरून छायाचित्र शोधण्याची सोय आहे. आम्हांला साताऱ्याची म्हणून दाखविलेली एक लेथ अशा शोधात दुसऱ्या राज्यातील जाहिरातीत, वेगळ्या किमतीला, त्याच भिंतीपुढे उभी असलेली सापडली. गाडीभाड्यासाठी दहा हजार आगाऊ पाठवा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असा विक्रेत्याचा घोषा चालला होता. अण्णांनी मला लिहायला सांगितले, “बेडवर खडूनं आजची तारीख लिहा आणि व्हिडिओ कॉलवर दाखवा.” त्यानंतर तिकडून उत्तर आले नाही. खडूला पैसे पडत नाहीत. पण ज्याच्याजवळ बेडच नाही तो लिहिणार कशावर? आता संगणकाने खोटी छायाचित्रे सहज तयार होतात. म्हणून तारखेच्या नुसत्या फोटोवर न थांबता चालू कॉलवर यंत्र फिरवून दाखवायला सांगावे.

आणखी एक गोष्ट घराघरांत सांगण्यासारखी आहे. मोबाइलवर पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

यंत्र कसे तपासावे?

अण्णांचे पहिले वाक्य मला पाठ झाले आहे : “पोरी, फोटोत बेड दिसतो, झीज दिसत नाही.” लेथवरचे बहुतेक काम चकाजवळ होते, म्हणून बेड तेथेच अधिक झिजतो व टेलस्टॉकच्या टोकाला जवळजवळ कोरा राहतो. सॅडल चकाजवळ बेताने घट्ट केले आणि मग टेलस्टॉककडे सरकवताना ते अडू लागले, तर चकाजवळ बेड झिजला आहे असे समजावे. स्क्रूची व नटाची झीज हँडल उलट फिरवताना मोकळ्या फेऱ्यावरून कळते. नट बदलता येतो, खर्च थोडा. बेड मात्र मोठ्या यंत्रावर ग्राइंड करावा लागतो, आणि तो खर्च कधी कधी यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. दोष आहे की नाही यापेक्षा दोष कोणता आहे, हे महत्त्वाचे.

यंत्र चालू स्थितीत असेल तर सर्व वेग लावून गियरचा आवाज ऐकावा. एक सळई बारीक कापून दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावावा. दोन मापांतील फरक यंत्राविषयी बरेच काही सांगून जातो. ताज्या रंगाला भुलू नये. रंगाखाली जोडलेला तडाही असू शकतो. नामपट्टी स्क्रूने बसविलेली असते, ती बदलता येते; बेडच्या ओतकामात उठलेले नाव व ठोकलेला क्रमांक बदलणे अवघड असते. नाव खरे असले तरी सुट्या भागांचा विचार करावा. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथ आजही अनेक वर्कशॉपमध्ये फिरताना दिसतात, पण तो कारखाना आता बंद आहे.

नोटिशीत पाहणीचा दिवस दिलेला असतो. त्या दिवशी गेल्याशिवाय बोली लावू नये. साताऱ्याला एका बंद वर्कशॉपच्या लिलावापूर्वी मी अण्णांबरोबर गेले होते. सांगलीहून सुमारे सव्वाशे किलोमीटर. एसटीचे भाडे व एका दिवसाची मजुरी गेली. यादीत ‘लेथ, एक नग’ एवढेच होते. प्रत्यक्षात चक होता, पण आटे पाडायला लागणारे बदलायचे गियर नव्हते आणि मोटार काढून नेलेली होती. यादीत नसलेली वस्तू मागण्याचा अधिकार पुढे राहत नाही. वीजही तोडलेली असल्याने अण्णांनी चक हाताने फिरवला, सॅडल टोकापर्यंत नेले, आणि गियर व मोटारीचा खर्च वजा करून एक आकडा माझ्या वहीत लिहायला लावला.

आकडा आणि कायदा

हा आकडा घरी शांतपणे ठरवावा, त्याचे कारण आहे. अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखविले की, मालाची खरी किंमत कोणालाच नक्की माहीत नसते तेव्हा लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो. म्हणजे जिंकणे हीच धोक्याची खूण ठरते. आमच्या लेथची बोली वहीतल्या आकड्याच्या पुढे गेली तेव्हा अण्णा थांबले. बोलीच्या किमतीवर जीएसटी, क्रेन, ट्रक, पाया आणि थ्री फेज जोडणी यांचा खर्च येतोच, तो त्या आकड्यात आधीच धरलेला होता.

फार कमी किमतीचीही कसोटी आहे. यंत्राचे वजन दीड टन आणि भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला, तर मोडीतच पंचेचाळीस हजार येतात. मग चालू लेथ कोणी पस्तीस हजारांना का विकील? भंगारवाला दारात येऊन अधिक देतो आहे.

कायद्याचा आधार आहे, पण मर्यादित. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ मागील तत्त्व असे की, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. कलम २७ चे सूत्र असे की, विकणाऱ्याजवळ जेवढी मालकी आहे त्याहून अधिक तो सामान्यतः देऊ शकत नाही. म्हणून यंत्र बँकेकडे तारण असेल तर ते खाजगीरीत्या घेणे धोक्याचे. मूळ बिल व बँकेचा ना-हरकत दाखला मागावा. कलम ६४ प्रमाणे विक्रेत्याने खोटे बोलीदार उभे करून किंमत चढविली तर घेणारा ती विक्री रद्द ठरवू शकतो. पण पडद्यामागचा बोलीदार खोटा होता हे सिद्ध कसे करणार? तेव्हा कायदा हा शेवटचा उपाय, पाहणी हा पहिला.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा : आधी माणूस, मग मालकी, मग यंत्र, मग सारा खर्च, आणि सर्वांत शेवटी पैसे. घाई करणारा विक्रेता नेमका हाच क्रम उलटा करू पाहतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वर्कशॉपमधला, शेतातला, गिरणीतला जाणता माणूस आहे. त्याला यंत्र आपल्याहून अधिक कळते. अडतो तो इंग्रजीतल्या अटींच्या चार पानांपाशी. ती पाने त्याला मराठीत वाचून दाखविणे, ‘जसे आहे तसे’ या शब्दांचा अर्थ पैसे जाण्यापूर्वी सांगणे, एवढे काम पदवी हाती येण्याआधीही आपल्याला करता येते.