आंबा बाधतो तेव्हा : फलशर्करेचे अपुरे अभिशोषण व आहार

'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' ही गुजरातेतील म्हण तापीकाठच्या मराठी कुटुंबांच्याही परिचयाची आहे. यंत्रमाग, कापडबाजार व इतर उद्योगांच्या निमित्ताने धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे सुरतेत येऊन उधना, लिंबायत, डिंडोली आदी भागांत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी शाळा चालतात. ऊसतोडणीच्या हंगामात खानदेशातील कष्टकऱ्यांचे तांडे बारडोली परिसरात मुक्काम करतात. या कुटुंबांच्या ताटात दोन प्रदेशांची खाद्यपरंपरा एकत्र आली आहे. आखाजीला आमरस व पुरणपोळी, हिवाळ्यात एकीकडे भरीत व दुसरीकडे उंधियू, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याची घारी, असा हा वर्षभराचा क्रम असतो.

बहुतेकांच्या दृष्टीने हा आनंदाचा विषय होय. काही व्यक्तींना मात्र अशा जेवणानंतर दोन-चार तासांत पोट फुगणे, गुडगुडणे, कळा येणे व पातळ शौचास होणे असा त्रास वारंवार होतो. घरात 'आंबा बाधला' किंवा 'पोटच नाजूक' असे म्हणून विषय संपविला जातो. पुढे आज आंबा, उद्या गहू, परवा दूध याप्रमाणे एकेक पदार्थ वर्ज्य होत जातो आणि अखेरीस अशक्तपणा येतो. अशा तक्रारींच्या अनेक कारणांपैकी फलशर्करेचे, म्हणजेच फ्रुक्टोजचे, आतड्यात अपुरे अभिशोषण होणे हे एक कारण आहे. त्यावरील मुख्य उपाय आहारात आहे. परंतु तो विचारपूर्वक योजावयास हवा.

फलशर्करेचे स्वरूप

इ.स. १८४७ मध्ये द्युब्रनफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने फलशर्करा प्रथम ओळखली. ती फळांत व मधात मुक्त स्वरूपात असते. उसापासून निघणारी साखर ही वेगळी शर्करा असली तरी तिच्या प्रत्येक रेणूत एक भाग द्राक्षशर्करा (ग्लुकोज) व एक भाग फलशर्करा असते. लहान आतड्यात साखरेचे हे दोन घटक सुटे होतात.

द्राक्षशर्करा आतड्याच्या भिंतीतून जलद व जवळजवळ पूर्णपणे शोषली जाते. फलशर्करेची वाट अरुंद आहे. तिला पलीकडे नेणारे एक खास वाहक प्रथिन असते. 'ग्लुट-५' या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन फलशर्करेचे वाहक असल्याचे १९९२ मध्ये दाखवून देण्यात आले. या वाहकाची क्षमता प्रत्येक व्यक्तीत सारखी नसते. एकाच वेळी ५० ग्रॅम शुद्ध फलशर्करा घेतली असता अनेक निरोगी माणसांनाही ती पूर्ण शोषता येत नाही. म्हणून हा प्रश्न प्रामुख्याने प्रमाणाचा आहे. कोणतेही फळ मुळातच विषारी नसते.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, द्राक्षशर्करा सोबत असल्यास फलशर्करेचे अभिशोषण सुधारते. ज्या पदार्थात या दोन शर्करा जवळपास समान असतात तो सहसा कमी बाधतो, आणि ज्यात फलशर्करा वरचढ असते तो अधिक बाधतो. १०० ग्रॅम केळ्यात दोन्ही शर्करा प्रत्येकी सुमारे ५ ग्रॅम असतात. तेवढ्याच सफरचंदात फलशर्करा सुमारे ६ ग्रॅम, तर द्राक्षशर्करा सुमारे अडीच ग्रॅम असते. आंबा, कलिंगड, नासपती व मध यांतही फलशर्करेचाच वरचष्मा असतो. शोषली न गेलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते व मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथील सूक्ष्मजंतू तिचे किण्वन करून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड इत्यादी वायू निर्माण करतात. पोटफुगी, कळा व जुलाब यांचा उगम हाच होय.

एका आनुवंशिक विकारापासून भेद

नावात साम्य असलेल्या दुसऱ्या एका विकाराशी याची गल्लत होता कामा नये. आनुवंशिक फलशर्करा-असह्यता हा विकार अत्यंत विरळ, परंतु गंभीर आहे. त्यात शोषलेल्या फलशर्करेचे यकृतात विघटन करणारे एंझाइम जन्मतःच सदोष असते. बालकाला वरचे अन्न, फळ, मध किंवा साखर सुरू करताच उलट्या, मलूलपणा, रक्तातील शर्करा एकाएकी उतरणे व कावीळ अशी लक्षणे दिसू शकतात. अशा मुलास साखरही आयुष्यभर वर्ज्य असते. गोड पाहताच तोंड फिरविणाऱ्या आणि गोड खाल्ल्यावर उलटी करणाऱ्या मुलावर सक्ती न करता त्यास बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. नवजात अर्भकास मध चाटविण्याची प्रथा या कारणानेही धोक्याची आहे. मधातून होणाऱ्या एका घातक जंतुविषबाधेमुळे एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये, असा वैद्यकशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे.

निदान आधी, पथ्य नंतर

पोटाच्या प्रत्येक तक्रारीचा दोष फलशर्करेवर टाकणे योग्य नाही. दूषित पाण्यातून होणारा आमांश व जिआर्डियाचा संसर्ग, दुग्धशर्करा न पचणे, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिअक विकार यांतही अशीच लक्षणे आढळतात. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असल्यास घरगुती पथ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत.

खात्रीसाठी श्वासाची तपासणी करता येते. रात्रभर उपाशी राहिलेल्या व्यक्तीस २५ ग्रॅम फलशर्करा पाण्यातून देतात आणि सुमारे तीन तास ठरावीक अंतराने तिच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजतात. हे प्रमाण दहा लाख भागांत २० भागांनी किंवा अधिक वाढल्यास अभिशोषण अपुरे असल्याचे मानतात. आनुवंशिक विकाराची शंका असल्यास ही तपासणी मुळीच करू नये. तपासणीची सोय नसेल तेथे वैद्यकीय सल्ल्याने आहाराचा प्रयोग करून पाहता येतो.

पथ्याचे तीन टप्पे

पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो. या काळात मध, आंबा, सफरचंद, नासपती, कलिंगड व डबाबंद फळरस बंद ठेवावेत. 'शुगर-फ्री' गोळ्या व मिठाई यांत पुष्कळदा सॉर्बिटॉल असते. ते फलशर्करेचे अभिशोषण आणखी मंदावते, म्हणून तेही टाळावे. कांदा, लसूण व गहू यांत फलशर्करेच्या साखळ्यांनी बनलेले फ्रुक्टन असते. मानवी आतड्यास ते पचविता येत नाही. त्यामुळे अनेक रुग्णांना या तीन पदार्थांचे प्रमाणही काही काळ कमी करावे लागते. फळे मात्र सर्वस्वी सोडू नयेत. संत्रे, मोसंबी, पपई किंवा फार न पिकलेले केळे यांपैकी एका वेळी एकच फळ, बेताने व जेवणाबरोबर घ्यावे.

दुसऱ्या टप्प्यात सोडलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करावेत. एका पदार्थासाठी तीन दिवस द्यावेत आणि पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक असे प्रमाण वाढवावे. काय खाल्ले, किती खाल्ले व काय त्रास झाला याची साध्या वहीत नोंद ठेवावी.

तिसरा टप्पा कायमचा असतो. वहीतील नोंदींवरून जे व जेवढे सोसते ते नियमाने खावे आणि न सोसणारे तेवढेच टाळावे. पहिल्या टप्प्याचे कडक पथ्य वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्यामुळे जीवनसत्त्वे व तंतुमय पदार्थ कमी पडतात आणि आतड्यातील उपकारक जंतूंचीही उपासमार होते. गर्भवती, स्तनदा माता व वाढत्या वयाची मुले यांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून हे पथ्य करू नये.

खानदेशी व सुरती ताटाचा विचार

या पथ्यासाठी महागड्या परदेशी वस्तूंची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी व भात हे गव्हाला सुलभ पर्याय आहेत. भरताला कांद्याच्या पातीचा केवळ हिरवा भाग घालावा. फ्रुक्टन मुख्यत्वे पांढऱ्या कांद्यात असते. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्यास स्वाद राहतो व त्रास टळतो. रस्सा उकळल्यानंतर लसूण काढून मात्र उपयोग होत नाही. हिंगाचा स्वाद चालतो. परंतु बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे लक्षात ठेवावे.

उंधियूत पापडी, कंद, रताळी, हिरवा लसूण व मेथीची मुठिया हे सारे एकत्र येते. त्यातील पापडीच्या दाण्यांमधील शर्करा कोणालाही वायू करू शकतात. घारीत फलशर्करा केवळ साखरेतून येते. ती खाऊन पोट बिघडल्यास माव्यातील दुग्धशर्करा, मैदा किंवा भरपूर तूप यांचाही विचार करावा. आखाजीच्या जेवणात आमरस, गव्हाची पोळी व हरभऱ्याच्या डाळीचे पुरण एकाच वेळी पोटात जाते आणि सारा दोष मात्र आंब्यावर येतो. भाताबरोबर दोन-चार चमचे आमरस घेऊन पाहिल्यास अनेकांना तो सोसतो, असे नोंदवहीतून दिसून येऊ शकेल. सणाच्या ताटावरून उठण्याची पाळी त्यामुळे टळते.

बालकांच्या बाबतीत विशेष दक्षता

जुलाब झालेल्या मुलास डबाबंद फळरस किंवा गोड शीतपेय पाजल्याने जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेल्या एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम द्राक्षशर्करा असते. आतड्यातून मीठ व पाणी आत ओढून घेण्याचे कार्य ती करते. फलशर्करेला ते साधत नाही. या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडी घेताना तिच्यावरील सूत्र अवश्य वाचावे. एक वर्षाखालील बालकास फळांचा रस देऊ नये. त्यापुढील मुलांना रसाऐवजी फळ द्यावे.

शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांना या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मधल्या सुट्टीनंतर वारंवार पोट धरून बसणारे मूल कामचुकार ठरविण्यापूर्वी त्याने काय खाल्ले याची चौकशी व्हावी व पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. तसेच 'सगळे बंद करा' असा सल्ला कोणी देत असल्यास त्याला आवर घालावा. फलशर्करेच्या पथ्यात अन्न सोडण्याचा काळ थोडा आणि ते पुन्हा ताटात आणण्याचा काळ मोठा असतो. ज्या पथ्याने ताट वर्षागणिक लहान होत जाते, ते पथ्य पुन्हा तपासून घेणे अगत्याचे आहे.