नांगी पायाला, पाणी फुफ्फुसात

नगर जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडकडच्या खडकाळ माळावर दगड उचलला की खाली विंचू निघणं काही नवलाचं नाही. भीती वाटते ती मोठ्या काळ्या विंचवाची. जिवावर बेततं ते बहुधा लहानशा लाल विंचवामुळे. नांगी लागते पायाच्या बोटाला, आणि काही रुग्णांना तासाभरात धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. बोटाचा फुफ्फुसाशी संबंध काय? विष तिथवर पोचलं, एवढं उत्तर अपुरं आहे. खरं उत्तर रक्ताच्या वाटेत सापडतं.

हृदय दिसायला एक, पण काम दोन पंपांचं. उजवी बाजू अंगातून परतलेलं रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. तिथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि महारोहिणीतून सर्वांगाला जातं. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये हे हिशेबानेही पटवलं: हृदय तासाभरात इतकं रक्त पुढे टाकतं की तेवढं खाल्लेल्या अन्नातून नव्याने बनणं अशक्य, म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. रोहिणीतून नीलेत रक्त कसं उतरतं हे मात्र त्याला दिसलं नाही. दोन्हींना जोडणाऱ्या केशवाहिन्या मालपिगी या इटालियन वैद्याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात पाहिल्या. आजच्या मापाने ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. अंगातलं एकूण रक्तही जवळपास तेवढंच. म्हणूनच दोन्ही बाजूंचा हिशेब काटेकोर जुळावा लागतो. डाव्या बाजूने ठोक्याला एकच मिलिलिटर कमी टाकलं आणि उजवी तशीच चालत राहिली, तर कागदावर तरी अर्ध्या तासात दोन लिटरहून अधिक रक्त फुफ्फुसांत तुंबेल.

लाल विंचवाचं विष नेमकं हेच घडवतं. त्याने अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, डाव्या बाजूला त्या आवळलेल्या वाटेतून रक्त रेटावं लागतं आणि ती थकते. मागे फुफ्फुसांत दाब वाढून पाणी झिरपतं. महाडजवळच्या बिरवाडीत काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग. हे औषध वाहिन्या सैल करतं. बुडत्या फुफ्फुसांसाठी हातापायांच्या वाहिन्या उघडायच्या, हे ऐकायला उफराटं वाटतं. बंद फेऱ्याच्या हिशेबात ते सरळ आहे.

शंका येईल की अत्यवस्थ माणसाचा रक्तदाब उतरवणारं औषध द्यावंच कसं? धोका खराच, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं. पण डाव्या हृदयावरचा भार उतरवल्याशिवाय त्याला नुसतं चाबकाने हाकण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप असा की प्रतिविष असताना याची गरज काय. बावस्करांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर बरे झाले. दोघांची कामं वेगळी आहेत: एक विष निकामी करतं, दुसरं विषाने आवळलेली वाट मोकळी करतं. राहिला तिसरा आक्षेप, मंत्राने उतार पडल्याचा. बहुतेक दंशांत नुसती आग होते आणि ती आपोआप ओसरते. मांत्रिकाचं यश या बहुतेकांवर उभं आहे, उरलेल्या थोड्यांवर त्याचा इलाज नाही.

तेव्हा दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसले, विशेषतः लहान मुलात, तर धाप लागायची वाट पाहू नका. गार हातपाय ही वाहिन्या आवळल्याची खूण आहे. त्याच घडीला जवळचा दवाखाना गाठा.