डिस्प्ले कोरा, यंत्र जागे

केंब्रिजच्या इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘रास्पबेरी पाय’ हा एटीएम कार्डाएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. शाळकरी मुलांच्या हाती प्रोग्रॅमिंग शिकण्याजोगे स्वस्त यंत्र पडावे, हा त्यामागचा हेतू होता आणि पहिल्या ‘मॉडेल बी’ची किंमत त्यानुसार ३५ डॉलर ठेवण्यात आली होती, पुढे लिनक्स ही मुक्त प्रणाली चालवणारा हा छोटासा बोर्ड शाळांच्या प्रयोगशाळांपासून कारखान्यांपर्यंत पोहोचला. त्याला स्वतःची स्क्रीन नसते आणि ‘पाय ५’ येईपर्यंत मुख्य बोर्डांवर चालू-बंद करण्याचे बटणही नव्हते. त्यामुळे जोडलेला मॉनिटर काळाच राहिला, तर यंत्र चालू आहे की बंद, हेच वापरणाऱ्याला उमगत नाही. अशा वेळी मेमरी कार्ड पुसून त्यावर प्रणाली नव्याने टाकण्याची घाई सर्रास केली जाते आणि नेमका हाच उपाय सर्वांत महाग पडतो, कारण दोष अडॅप्टरमध्ये किंवा केबलमध्ये असेल तर तो जागच्या जागी राहतो आणि कार्डावरचे काम मात्र कायमचे जाते. कोरा डिस्प्ले हे केवळ लक्षण आहे. त्यामागची कारणे वेगवेगळ्या टप्प्यांवर विखुरलेली असतात, म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय कशालाही हात न लावणे, हेच दुरुस्तीचे पहिले पाऊल ठरते.

चित्र उमटण्यापूर्वी

‘पाय’ची सुरुवात नेहमीच्या संगणकाहून वेगळ्या क्रमाने होते. ‘पाय ३’पर्यंतच्या मॉडेलांत वीज मिळताच प्रथम मुख्य प्रोसेसर जागा होत नाही, तर त्याच चिपमधील चित्रे हाताळणारा ‘व्हिडिओकोर’ हा भाग जागा होतो आणि तो मेमरी कार्डाच्या पहिल्या विभागातून बूटलोडर, म्हणजे पुढच्या प्रणालीला आत आणणारा छोटा प्रोग्रॅम, वाचून घेतो. २०१९मध्ये आलेल्या ‘पाय ४’पासून हा बूटलोडर बोर्डावरच्याच एका छोट्या चिपमध्ये साठवलेला असतो. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अंगभूत भागांना कामाला लावणारी संगणक-आज्ञावली, कार्डावरची ‘कॉन्फिग’ नावाची मजकुराची फाइल वाचते, स्क्रीनवर इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन दाखवते आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत चढवते. कर्नल डिस्प्लेचा ताबा स्वतःकडे घेतो, त्यानंतर पार्श्वभूमीतील सेवा सुरू होतात आणि सर्वांत शेवटी डेस्कटॉप येतो.

हा क्रम ध्यानात ठेवला की काळ्या स्क्रीनचे प्रकार आपोआप वेगळे होतात. इंद्रधनुष्यी चौकोन दिसून चित्र तिथेच थांबले असेल, तर मॉनिटर, केबल आणि एचडीएमआय पोर्ट ही सगळी मंडळी निर्दोष ठरतात आणि संशय कार्डावरच्या कर्नलकडे वळतो. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकून गेल्यावर स्क्रीन काळी झाली असेल, तर दोष डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. मॉनिटर पहिल्यापासून ‘नो सिग्नल’ दाखवत असेल, तरच वीज, कार्ड आणि केबल यांच्या तपासणीला अग्रक्रम द्यावा लागतो. म्हणून वीज दिल्यानंतरचे पहिले मिनिट मॉनिटरकडे टक लावून पाहणे आणि काय दिसले ते क्रमाने लिहून ठेवणे, एवढ्याने निम्मा शोध पूर्ण होतो.

‘पाय ४’ आणि ‘पाय ५’ यांच्याबाबतीत आणखी एक सोपी परीक्षा उपलब्ध आहे. कार्ड आणि यूएसबीवरचे सर्व साठवण-साहित्य काढून बोर्डाला नुसती वीज दिली, तर बूटलोडर स्वतःच स्क्रीनवर निदानाची माहिती छापतो. ती दिसली की बोर्ड, केबल आणि मॉनिटर तिन्ही ठीक असल्याची खात्री पटते आणि शोध कार्डापुरता मर्यादित राहतो. ‘पाय ३’ आणि त्याआधीच्या मॉडेलांत मात्र कार्ड नसताना स्क्रीन काळीच राहते, म्हणून तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.

दिव्यांची भाषा

स्क्रीन गप्प असली तरी बोर्डावरचे दिवे बोलत असतात. बहुतेक मॉडेलांवर लाल दिवा वीजपुरवठा दाखवतो आणि हिरवा दिवा कार्डावरची वाचन-लेखनाची हालचाल दाखवतो. ‘पाय ५’वर ही दोन्ही कामे एकाच दुरंगी दिव्याकडे आहेत. हिरवा दिवा अनियमितपणे लुकलुकत असेल, तर कार्ड वाचले जात आहे आणि यंत्र बहुधा सुरू झालेले आहे, असे मानायला हरकत नाही. तो ठरावीक संख्येने लुकलुकून थांबत असेल आणि पुन्हा तोच क्रम चालवत असेल, तर ती मोजून घ्यावी अशी सांकेतिक सूचना असते: ४ लुकलुकी म्हणजे फर्मवेअरची फाइल सापडली नाही, ७ म्हणजे कर्नल सापडला नाही आणि ८ म्हणजे स्मृतीच्या चिपमध्ये बिघाड आहे. जुन्या ‘पाय ३’साठी तयार केलेले कार्ड तसेच उचलून ‘पाय ४’मध्ये घातले, तर त्यावरच्या जुन्या प्रणालीत नव्या बोर्डाला लागणारी फर्मवेअर फाइल नसते आणि यंत्र सुरू होत नाही, अशा वेळी बोर्ड खराब झाल्याचा समज करून घेण्याचे कारण नाही, तर त्या मॉडेलला चालणारी प्रणाली दुसऱ्या कार्डावर टाकून पाहणे पुरेसे असते.

वीज: दिसते पुरेशी, पडते अपुरी

छोट्या संगणकांच्या अनेक तक्रारींचे मूळ वीजपुरवठ्यात असते, कारण घरात पडून असलेला मोबाइलचा चार्जर त्यांना लावण्याचा मोह कोणालाही होतो. ‘पाय ४’साठी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे, तर ‘पाय ५’साठी त्याच दाबाला ५ अँपिअरचा. अडॅप्टरवर छापलेला आकडा योग्य असला तरी केबलचा रोध दाब खातो, ही बाब सहज निसटते. बारीक तारेच्या केबलचा जाण्या-येण्याचा एकूण रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बोर्डाला ४.७ व्होल्ट मिळतात. प्रवाह ३ अँपिअरवर गेला की घट ०.६ व्होल्टची होते आणि बोर्डाच्या वाट्याला ४.५ व्होल्टच येतात. ‘पाय’च्या बोर्डावरचे विजेवर लक्ष ठेवणारे मंडल ४.६३ व्होल्टच्या खालचा दाब अपुरा मानते. म्हणूनच निवांत असताना नीट चालणारे यंत्र डेस्कटॉप उघडताच, म्हणजे भार वाढताच, अंधारात जाते आणि वापरणाऱ्याचा संशय विनाकारण डेस्कटॉपवर येतो.

दाब अपुरा पडल्याच्या खुणा ओळखता येतात. लाल दिवा क्षणभर विझतो किंवा मिणमिणतो, चित्र दिसत असल्यास कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचे चिन्ह येते आणि कर्नलच्या नोंदींत ‘अंडरव्होल्टेज’चा उल्लेख सापडतो. उपाय म्हणून यूएसबीवरची हार्डडिस्क, कॅमेरा, वाय-फाय डोंगल अशी सगळी जोडणी काढून टाकावी आणि आखूड, जाड तारेच्या केबलने किंवा मूळ अडॅप्टरने बोर्ड पुन्हा चालू करून पाहावा.

मॉनिटरची ओळखपत्रिका

वीज ठीक आहे, हिरवा दिवा लुकलुकतो आहे आणि तरीही चित्र नाही, अशा स्थितीत बोर्ड आणि मॉनिटर यांच्यातील संवाद तपासावा लागतो. एचडीएमआय केबलच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन ‘मॉनिटर जोडला आहे’ एवढाच संदेश देते, १८वी पिन ५ व्होल्ट पुरवते आणि १५वी व १६वी पिन मिळून मॉनिटरकडून ‘एडिड’ नावाची ओळखपत्रिका वाचतात. ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४मध्ये ठरवून दिलेल्या या पत्रिकेचा मूळ गट १२८ बाइटचा असतो. त्यात निर्माता, मॉनिटरचा आकार आणि त्याला पेलणारे रिझोल्यूशन नोंदलेले असते. पहिले ८ बाइट ठरलेले असतात आणि शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सर्व १२८ बाइटच्या बेरजेला २५६ने भागल्यावर बाकी शून्य उरावी. बाकी उरली, तर पत्रिका वाटेत बिघडली असे संगणक समजतो.

पुढचा गोंधळ इथूनच होतो. संगणक आधी चालू केला आणि मॉनिटर मागाहून, तर सुरुवातीच्या क्षणी ‘जोडला आहे’ हा संदेशच पोहोचत नाही आणि जुन्या मॉडेलांत चित्र एचडीएमआयऐवजी टीव्हीच्या संमिश्र आउटपुटकडे वळते. एचडीएमआयचे व्हीजीए करणारे स्वस्त कन्व्हर्टर, एकाच मॉनिटरवर अनेक संगणक चालवणारे स्विच आणि लांबलचक केबल यांच्यात ही पत्रिका हरवते किंवा बिघडते. ‘पाय ४’ आणि ‘पाय ५’वर दोन मायक्रो-एचडीएमआय पोर्ट असल्याने विजेच्या पोर्टाशेजारचा पोर्ट प्रथम वापरावा, मॉनिटर आधी चालू करावा आणि त्याच्या मेन्यूतून योग्य इनपुट निवडले आहे ना, याची खात्री करावी.

तरीही चित्र आले नाही, तर संगणकाला मॉनिटर असल्याचे सक्तीने मानायला लावता येते, पण इथे प्रणालीची आवृत्ती महत्त्वाची ठरते. २०२१च्या ‘बुल्सआय’ आवृत्तीपासून डिस्प्लेचे नियंत्रण फर्मवेअरकडून कर्नलच्या ड्रायव्हरकडे गेले, त्यामुळे ‘कॉन्फिग’ फाइलमधील ‘एचडीएमआय फोर्स हॉटप्लग’सारख्या जुन्या सूचना तिथे निष्प्रभ ठरतात आणि सक्तीचे रिझोल्यूशन ‘सीएमडीलाइन’ नावाच्या फाइलमध्ये ‘व्हिडिओ’ या पर्यायाने लिहावे लागते. ही फाइल एकाच ओळीची असावी लागते आणि मध्येच नवी ओळ पडली तर यंत्र सुरूच होत नाही, म्हणून बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवणे अत्यावश्यक आहे. सुदैवाने या दोन्ही फाइली कार्डाच्या ज्या विभागात असतात, तो विभाग विंडोजच्या संगणकावरही उघडतो, त्यामुळे डिस्प्ले नसतानाही हा बदल करता येतो.

स्क्रीनविना संवाद

लिनक्सचे मोठे बळ असे की त्याच्याशी बोलण्यासाठी स्क्रीन लागत नाही. नेटवर्कची केबल लावून राउटरच्या यादीत यंत्राचे नाव शोधावे. ते दिसले, तर यंत्र जागे आहे आणि दोष डिस्प्लेपुरता आहे, हे सिद्ध होते. पुढे ‘एसएसएच’, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची सोय, वापरून आत शिरता येते. ही सोय सुरक्षिततेसाठी २०१६पासून मूळ स्थितीत बंद ठेवलेली आहे, मात्र कार्डाच्या पहिल्या, म्हणजे बूट विभागात ‘एसएसएच’ याच इंग्रजी नावाची रिकामी फाइल ठेवली की पुढच्या वेळी ती सुरू होते. आत गेल्यावर कर्नलच्या नोंदी वाचाव्यात आणि कार्डावर किती जागा उरली आहे ते पाहावे, कारण कार्ड काठोकाठ भरले की डेस्कटॉपला आपल्या तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची चौकटच पुन्हा समोर येते. यंत्राला कीबोर्ड जोडलेला असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ ही बटणे एकत्र दाबून अक्षरी कन्सोल येतो का, हेही पाहण्यासारखे असते. तो आला, तर बिघाड फक्त डेस्कटॉपचा आहे.

नेटवर्कही नसेल, तर बोर्डावरच्या ६, ८ आणि १० क्रमांकाच्या पिनांना यूएसबी-सिरियल केबल जोडून सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने कर्नलचा प्रत्येक शब्द दुसऱ्या संगणकावर वाचता येतो. त्यासाठी ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये सिरियल पोर्ट आधी सुरू करावा लागतो. ही केबल ३.३ व्होल्टचीच असली पाहिजे, कारण ५ व्होल्टच्या संकेताने चिप कायमची निकामी होऊ शकते.

दुरुस्तीचा शेवट

एवढे सगळे करूनही कार्डच दोषी ठरले, तर ते पुसण्याआधी दुसऱ्या संगणकावर त्याची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि नवी प्रणाली शक्यतो दुसऱ्या कार्डावर टाकावी; जुने कार्ड हाताशी असेपर्यंत त्यावरच्या फाइली परत मिळवण्याची आशा असते. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम अखेरपर्यंत पाळणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. अडॅप्टर, केबल आणि कार्ड एकदम बदलले आणि चित्र आले, तर दोष नेमका कशात होता हे कोणालाच सांगता येत नाही आणि सदोष केबल पुन्हा खणात जाऊन पुढच्या यंत्राच्या वाट्याला येते. म्हणून डिस्प्ले आल्यानंतर जुनी केबल पुन्हा एकदा लावून चित्र जाते का ते पाहावे, सक्तीची म्हणून लिहिलेली ओळ काढून पाहावी आणि दोष पुन्हा जसाच्या तसा निर्माण करता आला, तरच तो सापडला असे मानावे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे काम मुलांच्या हातून करवून घेतले, तर एका बंद मॉनिटरच्या निमित्ताने त्यांना वीज, संकेत आणि प्रणाली यांचा परस्परसंबंध शिकता येतो, आणि हा संगणक मुळात तयार झाला तो अशाच शिक्षणासाठी.