घारीची पाठ

‘विहंगम दृश्य’ म्हणजे काय, हे मी वर्गात २० वर्षे समजावून सांगत आलो. विहंग म्हणजे पक्षी. त्याला दिसावे तसे दृश्य ते विहंगम. स्वतः मात्र ते कधी पाहिले नव्हते!

गेल्या मार्गशीर्षात धापा टाकीत तळ्याचा गड चढलो. माथा अरुंद, लांबट. तटाशी टेकतो तोच पायांखाली एक घार तरंगताना दिसली. आजवर घारीचे पोट पाहिले होते, पाठ प्रथमच! पंख मुळीच हलत नव्हते. वारा डोंगराला थडकून वर चढतो, त्याच्या खांद्यावर ती बसते. इंजिनावाचून उडणारे ग्लायडरही असेच तरतात.

तिच्या पलीकडे मांदाडची खाडी, घोसाळगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, तरी महाराजांनी तळा आणि घोसाळा राखले. वाचले होते, त्या जोडगडांचे मोल त्या क्षणी डोळ्यांना पटले.

घरी येऊन उद्धव ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) पुन्हा उघडले. हेलिकॉप्टरमधून टिपलेले ते गड आता निराळेच दिसले. वाचकहो, तीही घारीचीच नजर!

आता वर्गात तो शब्द आला, की मी खडू खाली ठेवतो आणि आधी घारीची पाठ सांगतो.